तक्रारींचं जेवण

अकरा नंबरच्या खोलीत गोट्याला जाग आली ती नळाच्या टपटपीने, आणि त्याला फार बरं वाटलं. एक तक्रार तर सापडली.

हंगाम सुरू व्हायच्या आधी एका रात्री घरातल्या प्रत्येकाने पाहुणा व्हायचं, हा कप्तान आजोबांच्या काळापासूनचा नियम होता. प्रत्येकाने हॉटेलच्या एकेका खोलीत झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर आपापली तक्रार मोठ्याने सांगायची. हॉटेल जो चालवत असेल त्याने वाढायचं आणि ऐकायचं. त्याला उत्तर द्यायची मुभा नव्हती. उत्तर दिलं की त्या जेवणाची सगळी भांडी त्याने एकट्याने घासायची. गोट्याच्या लहानपणी अण्णा, म्हणजे त्याचे वडील, दर वर्षी कोपरापर्यंत बाह्या सारून मोरीत उभे असत. ताईकडे, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीकडे, कारभार आल्यापासून मात्र तिने एकदाही भांडी घासली नव्हती. ती ऐकायची, मान हलवायची आणि वाढायची.

यंदा जेवणाला जास्त वजन होतं. हॉटेल वीस वर्षांसाठी निळ्या पाटीवाल्या कंपनीला चालवायला द्यायचं की नाही हे जेवण उरकल्यावर ठरणार होतं, आणि संध्याकाळी कंपनीचा माणूस फोन करणार होता. ही बोलणी गोट्याने खपून इथवर आणली होती. ताई नाही म्हणत होती, काकू तर कंपनीचं नाव काढलं की खोलीतून उठून जात होती. शेवटी अण्णांनी वैतागून निकाल दिला होता की, तक्रारी ऐकू आणि ठरवू. आपल्याच्याने निस्तरण्यासारख्या असतील तर हॉटेल आपलं, नसतील तर जा घेऊन तुझ्या निळ्यांकडे.

म्हणजे आज गोट्याला भक्कम तक्रारी हव्या होत्या. हे त्याला जमायला हवं होतं. विम्याच्या धंद्यात दुसऱ्यांच्या घरांतलं नुकसान पाहून अंदाज काढण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. पोक्त वयाचा, शहरात चारचौघांत मान असलेला माणूस तो. इथे मात्र पाऊल टाकलं की पुन्हा गोट्या व्हायचा.

तक्रार मोघम नको, म्हणून तो नळाजवळ गेला. गळतोय खरा, पण का गळतोय हे सांगता आलं पाहिजे. त्याने खालची चावी बंद करून खिशातल्या चाकूने नळाचं डोकं सैल केलं. आतली चकती एका बाजूने झिजली होती. ती उलटी बसवली तर काय होतं, एवढंच त्याला पाहायचं होतं. टपटप थांबली. मग खिडकी. खाऱ्या हवेने लाकूड फुगून ती चौकटीत अडकत होती. वीज गेली तर असावी म्हणून खणात मेणबत्ती ठेवलेली असते हे त्याला पाठ होतं. खणही अडकत होता. त्याने मेणबत्ती खणाच्या कडांना घासली, खिडकीच्या खाचेत घासली, आणि खिडकी अशी सरकली की त्याला ती दोन-तीनदा उगाचच उघडमीट करावीशी वाटली. दिवा लुकलुकत होता तो बल्ब पिळून नीट बसवला. तो शीळ घालत दाढी करायला लागला.

अर्धा गाल झाल्यावर शीळ थांबली. आरशातल्या माणसाकडे सांगण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं. उशी कडक आहे म्हणावं, तर उशी अशी मऊ होती की तशी त्याच्या घरीही नव्हती.

---

उशी काकूची होती. अण्णांच्या धाकट्या भावाची ही बायको. नवरा गेल्यावरही ती इथेच राहिली, आणि चादरी-टॉवेलांची खोली तिच्या ताब्यात होती. या रात्रीसाठी कोणी कुठे झोपायचं हे ठरवण्याचा हक्कही तिचाच. यंदा तिने तो हक्क एखाद्या सेनापतीसारखा वापरला.

गोट्याला तिने मुद्दाम गळका नळ दिला. त्याच्या हाताला लहानपणापासून चळ आहे. बिघडलेलं काही दिसलं की तो दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही, आणि एकदा दुरुस्त केलं की त्याचा राग जातो. अण्णांना जनरेटरशेजारची खोली दिली, कारण कानातलं यंत्र काढल्यावर त्यांच्या उशाशी बँड वाजवला तरी चालतं. राहता राहिली समुद्राकडची इमारत. तिथेही पाहुणे उतरतात, तेव्हा घरातल्या एकाने तरी तिथे झोपायचं हा नियम होताच, आणि तिथल्या खोल्यांचं काय झालंय हे काकूला चांगलं ठाऊक होतं. त्यातली शेवटची, सगळ्यात वाईट खोली कोणाला द्यायची?

उत्तर तिला टॉवेल मोजता मोजता सुचलं. नव्या सुनेला. गोट्याच्या मुलाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तो जहाजावर इंजिनं सांभाळायला गेलेला, आणि सासू तर या जेवणाला कधीच येत नसे. भांडायला घर पुरेसं आहे, त्यासाठी प्रवास कशाला, असं तिचं म्हणणं. त्यामुळे गोट्या सुनेला एकटीलाच घेऊन आला होता. मुलगी शहरातल्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची, म्हणून काकूने पहिल्या तासातच तिचं नाव पाणीवाली ठेवलं होतं. गोट्याच्या बाजूचं एक तोंड वाढलं असं ताईला वाटत होतं, पण काकूचा हिशेब वेगळा होता. पहिल्या वर्षी कोणी बोलत नाही. ती स्वतः पहिल्या वर्षी ओल आलेल्या गादीवर रात्रभर कुशी बदलत राहिली होती, आणि जेवताना सासऱ्यांनी विचारल्यावर म्हणाली होती की सगळं छान आहे.

एवढं करूनही जिन्यात पाणीवाली दिसली तेव्हा काकूने तिला थांबवलंच. आवाज हळू करून म्हणाली, "हे बघ, तुला विचारतील. तू नुसतं छान म्हण. नव्या माणसाने एवढंच म्हणायचं असतं इथे."

"बरं, आजी," पाणीवाली म्हणाली.

काकू खूश होऊन पुढे गेली. वळणावर गोट्या उभाच होता. त्याने सुनेला खिडकीजवळ घेतलं आणि घसा खाकरून विचारलं की खोली कशी होती. ती काही बोलायच्या आत त्याने तिला धीर द्यायला सुरुवात केली. घाबरायचं नाही, आपण सुशिक्षित माणसं, जे आहे ते सांगायचं, माझ्यावर भरवसा ठेव.

"तुमची खोली कशी होती, बाबा?" तिने विचारलं.

गोट्याने नजर समुद्राकडे वळवली. "माझं सोड," तो म्हणाला.

---

पाणीवालीने मनात ठरवून टाकलं होतं की ती काही बोलणार नाही. हे घर तिला आवडलं होतं. इथली माणसं एकमेकांना टाकून बोलत आणि लगेच ताट पुढे सरकवत. तिच्या सासरी शहरात सगळे तिच्याशी फार जपून वागायचे, जणू ती महिनाभरासाठी आलेली पाहुणी आहे. चहा तिला आयता मिळायचा. टीव्हीवर काय लावायचं हे तिला विचारलं जायचं. कोणी तिच्यावर वैतागत नसे, आणि तिलाही कोणावर वैतागायची सोय नव्हती.

पण सकाळी तिने दात घासायला तोंडात पाणी घेतलं होतं, आणि ते तिने थुंकलं नव्हतं. जिभेवर फिरवून पाहिलं होतं. सवय असते ती. मग खिडकी उघडून खाली विहिरीवरचा पंप, विहिरीपासून समुद्रापर्यंतचं अंतर आणि वाळूवरची भरतीची रेघ, हे सगळं तिने पाहिलं होतं. ते पाहिल्यावर छान म्हणणं जरा अवघड होऊन बसलं होतं.

---

जेवणघरातलं लांब टेबल खिडकीला लावून मांडलं होतं. ताईने ॲप्रन बांधला आणि सूपचं भांडं आणलं. पन्नाशी केव्हाच ओलांडलेली, उंच, चालताना पायाखालच्या फरशीतली सैल कोणती हे न बघता ओळखणारी बाई. पाहुणेसुद्धा तिला ताईच म्हणत. आज ती सगळ्यांना वाढत होती आणि मनात म्हणत होती, आटपा एकदाचं.

अण्णांनी चमच्याने पेला वाजवला. तक्रारींच्या आधी हॉटेलचा इतिहास सांगायचा मान त्यांचा.

इतिहास सगळ्यांना तोंडपाठ होता. कप्तान आजोबा कधीच कोणत्या जहाजाचे कप्तान नव्हते. धक्क्यावर उभं राहून ते दुसऱ्यांच्या बोटींना ओरडून सूचना द्यायचे, म्हणून कोळ्यांनी त्यांना कप्तान म्हणायला सुरुवात केली. त्यांची जाळी ठेवायची वखार होती. खाडीपलीकडे जाणारी बोट चुकली की माणसं रात्री त्या वखारीत पथारी टाकायची. आजोबांनी आधी त्यांना सतरंजी दिली, मग खाट दिली, मग मधे भिंती घातल्या. हॉटेल असं झालं.

"आणि धक्क्यावरचं घड्याळ," काकू म्हणाली.

"घड्याळ बरोबर होतं," अण्णा म्हणाले.

"मागे होतं. मामंजी रोज जाऊन मागे करायचे. उगाच एवढ्या लोकांची बोट चुकते होय?"

हा वादही दर वर्षीचा. तो होऊ देऊन अण्णा पुढे सरकले. खाडीवर पूल झाला, बोट बंद पडली, कोणाचं काही चुकेना. वर्षभर खाटा रिकाम्या. तेव्हा आजोबांनी समुद्राकडची इमारत बांधली आणि पाटीवर लिहिलं की इथली हवा फुप्फुसांना चांगली. कोणत्या डॉक्टरने सांगितलं, असं विचारलं तर म्हणायचे, माझी फुप्फुसं ऐका. वादळात तिचा व्हरांडा गेला, तो पुन्हा बांधला. मधे काही वर्षं सरकारी अधिकाऱ्यांनी सगळं हॉटेल ताब्यात घेतलं आणि परत देताना दाराच्या मुठी काढून नेल्या. अण्णांनी पोहायचा तलाव केला. ताईने मोटारी लावायला जागा केली.

तक्रारींच्या जेवणाची हकीगतही याच इतिहासातली. पहिल्या वर्षी एक कापडाचा व्यापारी चार रात्री राहिला, निघताना हात जोडून सगळं छान होतं म्हणाला, आणि पुढे वर्षभर वाटेत भेटेल त्याला ढेकणांबद्दल सांगत सुटला. आजोबांनी पुढच्या हंगामाआधी घरच्यांना खाटांवर झोपवलं आणि सकाळी म्हणाले, आता बोला, मी गप्प बसतो.

"तर बोला," अण्णा म्हणाले. "माझी काही तक्रार नाही. मेल्यासारखा झोपलो."

काकूने टॉवेल अंमळ जास्तच मऊ असल्याची तक्रार केली. ताईने गंभीरपणे मान हलवली आणि तिला मासा वाढला. काकू पुढे म्हणाली की आता गोट्याचं ऐकू, त्याला बरंच बोलायचंय.

गोट्याने रुमालाने तोंड पुसलं. नळ गळत होता, असं तो म्हणाला.

"होता म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे सकाळी गळत होता."

"आणि आता?"

गोट्या बटाट्याकडे बघायला लागला. काकूने अगदी भोळेपणाने खिडकीचं विचारलं, खणाचं विचारलं, आणि प्रत्येक उत्तराला गोट्याचे कान जास्त लाल होत गेले. शेवटी अण्णांना हसू आवरेना आणि त्यांना ठसका लागला. ताईने त्यांच्या पाठीवर थोपटलं. तिच्या मनावरचं ओझं पिसासारखं हलकं झालं होतं. कंपनी गेली, असं तिला वाटलं. आणि का कोण जाणे, त्या हलकेपणाच्या तळाशी तिला जराशी निराशाही लागली. उद्यापासून पुन्हा सगळं तिचंच.

खुर्च्या सरकू लागल्या. नियम म्हणून ती शेवटच्या खुर्चीशी गेली. "तुझं काय गं? काही तक्रार?"

पाणीवालीने वर पाहिलं. काकू तिच्याकडे बघत होती, गोट्या बघत होता. ताई मात्र वाढायचा डाव हातात धरून नुसती उभी होती, आणि तिला उत्तर खरंच हवं आहे असं वाटत होतं.

"आहे," पाणीवाली म्हणाली. "पण बरीच आहे, आत्या. चालेल?"

काकूने डोळे मिटून घेतले.

तिने आवाज न चढवता, एखाद्या नमुन्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. दार फरशीला घासतं, त्यामुळे दुसऱ्या कोणाला उठवल्याशिवाय बाहेर जाता येत नाही. आरसा उंच माणसासाठी लावलाय. तिला त्यात फक्त कपाळ दिसलं. वाचायचा दिवा पलंगाच्या पायथ्याशी आहे. न्हाणीघरात एकही खुंटी नाही, कपडे दातांत धरून अंघोळ करावी लागली. गरम पाण्याला आधी चहासारखा रंग येतो आणि मग ते निवळतं, म्हणजे नळी आतून गंजलीय. भिंतीवर पाच सूचना आहेत, पाचही काय करू नये त्याच्या. काय करावं हे कुठेच नाही. एवढं बोलून ती थांबली.

"आणखी?" ताई म्हणाली.

"उत्तर दिलंस," गोट्या म्हणाला. "भांडी."

"प्रश्न विचारला तिने," काकू डोळे न उघडता म्हणाली. "प्रश्नाला भांडी नाहीत."

अण्णांनी प्रश्न चालतो असा निर्णय दिला, आणि पाणीवालीला म्हणाले, "सांग पोरी."

"पाणी खारट आहे. अगदी थोडं. तुम्हाला कळणार नाही, तुम्ही इकडच्या नळाचं पिता. पण त्या इमारतीला विहिरीचं पाणी जातं ना? विहिरीत समुद्र आलाय." तिने पेला उचलून पुन्हा खाली ठेवला. "आणि ते कोणाला सांगायचं ते मला कळेना. घंटा वाजवली असती तर कोणीतरी धावत आलं असतं, सॉरी म्हणालं असतं, दुसऱ्या खोलीत नेलं असतं. मग विहिरीचं कोणी ऐकलंच नसतं."

गोट्याच्या चेहऱ्यावर हळूहळू तरतरी आली. हीच ती तक्रार. आपल्याच्याने न निस्तरणारी. त्याने ताट बाजूला केलं आणि आपला कामाचा आवाज काढला. वीस वर्षांची हमी, नवे पाइप, तज्ज्ञ माणसं, ताईला सल्लागार म्हणून मानाची जागा. त्याने काही लपवायचं असं ठरवलं नव्हतं, बोलण्याच्या भरात तो म्हणून गेला, "विहिरीचा प्रश्नच येत नाही. ती सगळी बाजू कंपनी पाडणारच आहे."

"काय पाडणारे?" अण्णांनी कानातलं यंत्र चाचपलं.

"समुद्राकडची इमारत. तिथे मोकळं अंगण करणार, खुर्च्या टाकणार."

"हे तू सांगितलं नव्हतंस."

"तुम्ही विचारलं नव्हतं," गोट्या म्हणाला, आणि म्हणताना त्याला स्वतःलाच ते आवडलं नाही. एखाद्या घरमालकाने आपल्याला असं उत्तर दिलं असतं तर आपण त्याच्या नावापुढे काय शेरा मारला असता, हे त्याला बरोबर माहीत होतं.

आता ताईने डाव खाली ठेवला. ॲप्रन सोडला. रिकामी खुर्ची ओढून ती टेबलाशी बसली. जेवण संपायच्या आत चालवणारं माणूस असं बसलेलं त्या घराने पाहिलं नव्हतं.

"मी बोलते," ती म्हणाली. "भांडी घासेन. विहिरीचं मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. मी समुद्राकडची इमारत बंद करते. उद्यापासून. ज्यांना तिथल्या खोल्या दिल्यात त्यांना मीच कळवते."

गंमत अशी की सगळ्यात आधी विरोध केला गोट्याने. हंगाम तोंडावर असताना? आजोबांनी बांधलेली बाजू कुलूप लावून ठेवायची? इतकी वर्षं तो सगळ्यांना सांगत आला होता की ताई एक दारसुद्धा बंद करणार नाही, ती हट्टी आहे. आता तिने दार बंद केलं तर त्याला तिच्याहून जास्त लागलं. काकू त्याच्याकडे आश्चर्याने पाहत राहिली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिने त्याला विचारून मासा वाढला.

अण्णांनी पाणीवालीला विचारलं, विहीर मेली का?

तिने हातानेच टेबलावर दाखवलं. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. वरून जोरात उपसलं की खालचं खारं वर सरकतं. पंप थांबवला, विहिरीला विश्रांती दिली, तर खारं परत खाली जाऊही शकतं. एक पावसाळा लागेल, दोन लागतील. कदाचित नाहीच जाणार. मोजत राहायला लागेल.

"विहिरीला मिळते बाई विश्रांती," काकू म्हणाली.

ताई हसली. हसता हसता तिने कपाळ तळहातावर टेकलं आणि ते बराच वेळ वर आलं नाही. गोट्याने काकूकडे पाहिलं, काकूने ताटाकडे.

"मी दमलेय रे," ताई म्हणाली. आवाज साधा होता, रडका नव्हता. "कंपनी नको. पण हे असंही नको. तू खोलीत शिरलास की नळ दुरुस्त करतोस. काकू माझ्या मागे टॉवेल बदलते. अण्णा यंत्र काढून झोपतात. नेहमीचे पाहुणे मला बघतात आणि म्हणतात, एकटी करते बिचारी, आणि गप्प बसतात. किती वर्षांत मला कोणी काही सांगितलेलं नाही. मी छान, छान ऐकत बसते आणि खाली विहिरीत समुद्र येतो." तिने पाणीवालीकडे पाहिलं. "तू राहशील का? सगळं सोडून नको. सुट्टीच्या दिवशी ये. दर वेळी वेगळ्या खोलीत झोप, आणि सकाळी मला सांग."

"नुसतं सांगू?"

"नुसतं सांग. दुरुस्तीचं मी बघेन."

"दुरुस्तीचं मी बघेन," गोट्या म्हणाला. तो इतक्या पटकन म्हणाला की सगळे त्याच्याकडे वळले. त्याने पाण्याचा घोट घेतला. सुट्टीच्या दिवशी तसाही तो घरी बसून वैतागत असतो, असं काहीसं तो पुटपुटला.

"पण बाबा, मी बघितल्याशिवाय तुम्ही हात लावायचा नाही," पाणीवाली म्हणाली. "नाहीतर मला काय दिसणार?"

सून सासऱ्याशी असं बोलल्याचं त्या टेबलावर कोणाला वावगं वाटलं नाही. गोट्याला तर उलट बरं वाटलं. घरी ती त्याच्याशी हवापाण्याशिवाय काही बोलत नसे. त्याने कबूल केलं. मात्र खुंटी आजच ठोकेन, एवढी सूट त्याने मागून घेतली, आणि ती त्याला मिळाली.

राहता राहिला निकाल. तक्रारी आपल्याच्याने निस्तरतील की नाही? अण्णांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, जणू माणसं मोजत होते. मग ते म्हणाले की निस्तरतील असं काही त्यांना वाटत नाही, पण निस्तरायला घेऊ. आणि गोट्याला म्हणाले की फोन तूच घ्यायचास.

---

फोन आला तेव्हा गोट्या हातोडी घेऊन समुद्राकडच्या इमारतीतून परतत होता. त्याने तो स्वागतकक्षात उभ्यानेच घेतला. मोरीतून भांड्यांचा आवाज येत होता. ताई घासत होती आणि काकू नियमाप्रमाणे हात न लावता शेजारी उभी राहून, कोणत्या पातेल्याच्या बुडाला काय राहिलंय ते दाखवत होती. बाहेर पाणीवाली आणि अण्णा विहिरीपाशी गेले होते. ती दोरीला बाटली बांधून आत सोडत होती आणि अण्णा काठाशी उभे राहून तिला ओरडून सूचना देत होते.

कंपनीचा माणूस फार सभ्य होता. त्याने आधी हवेची चौकशी केली आणि मग निर्णय विचारला. घरच्यांचा विचार बदललाय, असं गोट्या म्हणाला. अडचण काय आहे असं त्या माणसाने विचारलं, तेव्हा गोट्याने जे खरं होतं ते सांगितलं: विहिरीत खारं पाणी आलंय, नळ्या गंजल्यात, दारं घासतात, आरसे उंच आहेत. नुकसानीचा अंदाज सांगायची त्याला सवय होती आणि त्याने काहीही वगळलं नाही.

त्या माणसाला हायसं वाटल्याचं त्याच्या आवाजावरून कळलं. एवढंच ना, तो म्हणाला. त्याची काळजी घरच्यांनी करूच नये. तक्रारींसाठी कंपनीचा स्वतंत्र विभागच आहे. एकदा सही झाली की त्यातली एकही घरापर्यंत येणार नाही.

गोट्याने खिडकीतून विहिरीकडे पाहिलं. बाटली वर आली होती. पाणीवाली ती उजेडात धरून अण्णांना काहीतरी दाखवत होती, आणि अण्णा त्यात काही दिसत नसूनही मान हलवत होते.

"तेच तर," गोट्या म्हणाला. "तेवढ्यासाठीच नाही देता येणार."